पायांना लागलेली वाट

शप्पथ! गळ्याची शप्पथ, खुरांची शप्पथ, माझ्या मेलेल्या आईच्या शेपटीची शप्पथ! आता मी जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी शब्द खोटा निघाला ना, तर माझे हे दोन्ही लांब कान इथल्या इथे गळून पडोत आणि कुणीतरी त्यांचे मोजे करून घालो.

मी एक म्हातारी गाढवीण आहे. हसताय? हसा बापडे. पण एक सांगते मित्रांनो, खोटं बोलायला घाई लागते आणि आम्हा गाढवांना कसलीच घाई नसते.

माझं नाव सिव्का. सिव्का म्हणजे करडी. आमच्या बेटावर गाढवाचं नाव ठेवायला कुणी डोकं खाजवत बसत नाही. रंग बघतात नि मोकळे होतात. माझा जन्म ऑलिव्हच्या झाडाखाली झाला. त्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला होता की आधी माझे कान बाहेर आले, ते शिडासारखे भरले आणि मग वाऱ्यानेच मला ओढून बाहेर काढलं. माझी आई ओरडली की समोरच्या बेटावरची माणसं जेवायला बसायची. त्यांना वाटायचं, बाराची घंटा झाली.

मला बार्तुलने आणलं तेव्हा तो तरणाबांड होता. नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको पेरिना दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"घोडा आणतो म्हणून गेलास ना?"

"घोडाच आहे," बार्तुल म्हणाला. "जरा कान वाढलेत."

पेरिना हसली. तिने मला अंजिराचा एक तुकडा दिला आणि मी त्या घरची झाले.

आमचं गाव कामेनिक. डोंगराच्या डोक्यावर बसलेलं. खाली बंदर. मधे चढ, नुसते दगड, आणि दगडांच्या मधे जिथे मूठभर माती सापडेल तिथे द्राक्षाचा वेल. त्या काळी गाडीरस्ता नव्हता. बोट बंदराला लागली की पीठ, मीठ, रॉकेल सगळं माझ्या पाठीवर चढायचं, आणि खाली जाताना वाईनच्या पखाली नि ऑलिव्हचं तेल. बार्तुल पुढे, मी मागे. तो गाणं म्हणायचा, मी कान हलवायचे.

कौतुक काय सांगू! चर्चची नवी घंटा बोटीतून आली, तेव्हा सहा माणसांनी तिला हात लावला आणि सहाही जण खाली बसले. मग मी पाठ पुढे केली. पुढची गोष्ट ऐका. मी चालले की घंटा वाजायची. पाऊल टाकलं, ढण्. पाऊल टाकलं, ढण्. वर पोचेपर्यंत सगळं गाव प्रार्थनेचे कपडे घालून तयार! त्या दिवशी पाद्री फ्राने यांनी माझ्या कपाळावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. थोडं नाकात गेलं. पण कौतुक ते कौतुक.

अशी आमची चांगली वर्षं गेली. मग बार्तुलचा मुलगा मोठा झाला आणि एका सकाळी बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला निघून गेला. आमच्याकडची पोरं जातातच. बोट लहान होत होत ठिपका झाली तरी बार्तुल धक्क्यावर उभाच होता. मग तो वळला, माझी दोरी धरली, आणि गाणं काही म्हटलं नाही.

त्या दिवशी वर येताना तो पहिल्यांदा दिंकोच्या कोनोबात शिरला.

कोनोबा म्हणजे घराखालचं तळघर. थंडगार, पिंपांनी भरलेलं, भिंतीला खारवलेले मासे टांगलेले. आमच्याकडे प्रत्येक घराला कोनोबा असतो आणि दारातून जाणाऱ्याला आत बोलावल्याशिवाय कुणी राहत नाही. त्यातून दिंको हा बार्तुलचा कुम. लग्नात नवऱ्याच्या शेजारी साक्षीला जो उभा राहतो तो कुम. भाऊ एकवेळ नाराज झाला तर चालेल, पण कुमचा पेला नाकारायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं.

"एकच घे कुम," दिंको म्हणाला. "पोराच्या नावाने."

एकच घेतला. खरंच एकच. आणि दिंकोने पावाचा तुकडा वाईनमध्ये बुडवून माझ्या तोंडात घातला. मित्रांनो, मी काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर काटे नि वाळलेलं गवत खाल्लेल्या जिभेवर तो पाव!

दुसऱ्या दिवशीही एकच. काही दिवसांनी दिंकोकडे एक आणि वरच्या वळणावर विधवा लुत्सेच्या कोनोबात एक. तिच्याकडेही मला पाव मिळायचा. पहिल्यांदा बार्तुल दोरी ओढून मला थांबवायचा. मग नुसता हात लावायचा. मग हातही लावेना, दार आलं की मीच थांबायचे. आणि शेवटी तर दार यायच्या आधीच माझी मान तिकडे वळायची. तो कसल्यातरी विचारात असायचा, मी थांबले की त्यालाही आठवायचं. त्याने मला लावली आणि मी त्याला. सवय ही अशीच असते बघा. ती डोक्यात राहत नाही. ती पायांत उतरते आणि तिथे घर करते.

मग जे व्हायचं ते झालं. बोटीच्या दिवशी आम्ही दुपारी वर पोचायचो, ते अंधार पडायला लागला तरी वाटेतच. एकदा रॉकेलचा डबा कलंडला आणि सगळं रॉकेल पिठात. गावाने आठवडाभर असला पाव खाल्ला की शेकोटीजवळ ढेकर द्यायची कुणाची छाती होईना! माझे खूर वाढून चपलेसारखे झाले, पण ते तासायला कुणाला सवड नव्हती. खोगिराखाली जखम झाली. गाणं तर केव्हाच संपलं होतं.

पेरिना दारातूनच आवाज द्यायची, "आलात का? आज कोण कुणाला घेऊन आलं?"

बार्तुल बोलायचा नाही. मीही नाही. आम्हा दोघांच्याही तोंडाला वास यायचा.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या गावात गुड फ्रायडेच्या सकाळी मोठा लाकडी क्रूस निघतो. वरच्या चर्चमधून खाली बंदरापर्यंत आणि बंदरातून परत वर. उचलणारा माणूस एकच. अनवाणी. कुणी हात लावायचा नाही, कुणी खांदा बदलायचा नाही. मूल जन्मलं की बाप पाद्रीबाबांना त्याचं नाव सांगून ठेवतो, आणि पाळी येईपर्यंत केस पांढरे होतात. ती येते एकदाच. बार्तुलच्या वडिलांची पाळी आली त्या वर्षी लढाई चालू होती. मिरवणूक निघालीच नाही. म्हातारा पुढे कितीतरी वर्षं जगला, पण गुड फ्रायडेला घराबाहेर पडायचा नाही.

आणि आता, त्या वसंतात, बार्तुलची पाळी होती.

इस्टरच्या आधीचे उपवास सुरू व्हायच्या तोंडावर पाद्री फ्राने घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

"बार्तुल, लोक मला विचारतात, यंदा क्रूस कोण उचलणार? तू की सिव्का?"

बार्तुल हसायला गेला.

"चेष्टा नाही रे. पन्नास माणसं गात मागून येतात. लहान पोरं असतात. तू उतारावर डुललास तर तो क्रूस जाईल कुणाच्या तरी डोक्यात. उपवासभर तुझे पाय मला सरळ पडताना दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर पुढच्या माणसाला सांगेन."

"फादर, मी थांबेन की पुढच्या वर्षापर्यंत—"

"गेलेली पाळी परत येते का? तुला माहीत आहे. तुझ्या बापाला विचार."

बार्तुलचा चेहरा पांढरा पडला. पाद्रीबाबा गेल्यावर तो उठला, वडिलांच्या थडग्यावर गेला आणि तिथे हात ठेवून शपथ घेतली. एक थेंब नाही. इस्टरपर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही.

शपथ त्याने घेतली हो. पण मला कुणी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी बोटीवरून माल घेऊन आम्ही निघालो. दिंकोचं दार आलं. मी थांबले.

"चल गं," बार्तुल म्हणाला.

मी उभी.

"सिव्का, चल! आपण सोडलीय."

आपण? मी तर काही सोडलं नव्हतं. मी मान दारात घातली आणि पावाची वाट बघत राहिले. बार्तुलने पुढून ओढलं, मागून ढकललं, कानात शिव्या दिल्या. खिडक्या उघडायला लागल्या.

"गाढवीण शहाणी आहे रे, तिला घर कळतं!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात दिंको बाहेर आला. "कुम! दारात येऊन भांडतोस आणि आत येत नाहीस? मी काय पाप केलं?"

"नाही रे कुम, मी शपथ घेतलीय..."

"वाईनची ना? मग बेवांडा घे. पाणी घालून. ती काय वाईन आहे? माझी आजी बाळांना पाजायची."

आता ही चूक आमच्या बेटावरचाच माणूस करू जाणे. पाणी घातलेली वाईन आमच्याकडे कुणी वाईनमध्ये मोजतच नाही. पहिल्या दिवशी पाणी जास्त आणि वाईन नावाला. मग निम्मं निम्मं. मग पाणी हळूहळू लाजायला लागलं. आठवडा संपायच्या आत पाण्याचा जग नुसता शेजारी ठेवलेला असायचा, शोभेला. आणि बार्तुल मोठ्या तोंडाने सांगायचा, मी शपथ मोडलेली नाही!

रविवारी तो चर्चच्या पायरीवर अडखळला. पाद्री फ्राने यांनी बघितलं. नुसतं बघितलं.

घरी येऊन बार्तुल माझ्यावर भडकला. "हिच्यामुळे! ही अवदसा प्रत्येक दारात थांबते! उद्याच्या बोटीने हिला पलीकडे पाठवतो. सलामीवाल्याला विकतो."

माझे कान ताठ झाले, मित्रांनो. सलामी म्हणजे मसाला घालून वाळवलेलं मांस, आणि ते कुणाचं असतं हे मला माहीत होतं. माझ्या एका मावशीचं तसंच झालं होतं.

पेरिना मासे साफ करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "विक की. आणि जाता जाता तुझे पायही विकून ये. तेही तिथेच थांबतात."

बार्तुल दाराच्या चौकटीला टेकला.

"तिला म्हणतोस, इथे थांबू नकोस. मग कुठे थांबू, ते सांगितलंस का कधी? ओझं घेऊन चढ चढतेय ती. कुठेतरी थांबायला नको तिला? तुलाही नको?" तिने सुरी ठेवली. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी बंदरावरून निघताना दोरी पेरिनाच्या हातात होती. बंदराच्या मागे एक जुनी वाट फुटते, शेळ्यांची. उभी चढण, काटे. ती गावाला वळसा घालून डोंगराच्या पाठीमागून वर येते. वाटेत एकही कोनोबा नाही. मधे फक्त पावसाच्या पाण्याचं एक जुनं टाकं, आणि टाक्याशेजारी बार्तुलच्या वडिलांचा द्राक्षाचा तुकडा. त्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळून दगड वाटेवर आलेले.

जिथे वाट फुटते तिथे मी उजवीकडे वळले, दिंकोकडे. पेरिनाने डावीकडे ओढलं. मी बसले. होय, पाठीवर पिठाची पोती घेऊन रस्त्याच्या मधोमध बसले! पेरिनाही बसली. माझ्यासमोर, दगडावर.

"बस," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय. घरी जाऊन मासेच तळायचेत."

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, पुन्हा मावळला, बोट जाऊन परत आली. खरंच सांगते! शेवटी मीच उठले. तिच्याइतकं हट्टी जनावर मी आयुष्यात पाहिलं नाही.

टाक्यापाशी पोचलो तेव्हा माझी जीभ बाहेर आली होती. तिथे पेरिनाने ओच्यातून काळ्या गोड शेंगा काढल्या. झाडावर वाळलेल्या, मधासारख्या. माझ्या तोंडात घातल्या. बार्तुलला बादलीभर गार पाणी आणि सुके अंजीर.

"आता?" बार्तुल म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. तो ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा उभा होता. "आता काय करायचं?"

"तुझ्या बापाचा गडगा पडलाय," पेरिना म्हणाली. "दिसतोय ना? उचल एक दगड."

आमच्याकडे गडगा रचताना चुना लागत नाही की माती लागत नाही. नुसता दगडावर दगड. पण प्रत्येक दगडाला तोंड असतं, पाठ असते, बसायची जागा असते. ती सापडेपर्यंत दगड हातात फिरवत राहायचा. घाई केली की खालचाही हलतो. बार्तुलने एक दगड उचलला. दोन्ही हात लागले. आणि मी बघितलं, दगड धरला की हात थरथरायचे थांबत होते.

त्या दिवसापासून रोज तीच वाट. रोज टाकं, शेंगा, पाणी, आणि गडग्यात थोडेसे दगड. सोपं होतं असं समजू नका. कित्येक दिवस फाट्यावर आलं की माझी मान उजवीकडे वळायची. बार्तुलचीही वळायची. आम्ही दोघं तिकडे बघायचो, मग एकमेकांकडे बघायचो, आणि पेरिना नुसती खोकायची.

पुढे तिने यायचं बंद केलं. शेंगा खोगिराला बांधून द्यायची.

एक दिवस दिंकोच टाक्यापाशी हजर. धापा टाकत, लालबुंद. त्याला काट्यांची सवय नव्हती.

"मी मेलो का रे? माझ्या दारावरून जात नाहीस! गाव विचारतंय, कुम-कुमचं भांडण झालं का. माझी बायको विचारते, मी तुला काय बोललो."

बार्तुल हातातला दगड फिरवत राहिला. "तुझा पेला नाकारायची माझी छाती नाही दिंको. म्हणून तुझा रस्ता नाकारतो."

"पाणी घालून देईन रे."

"तुझं पाणी मला माहीत आहे. ते शेजारच्या जगमधून पेल्यात येतच नाही."

दिंको हसायला लागला, मग एकदम थांबला. गडग्याकडे वळला. मग त्याने वाकून एक मोठा दगड उचलला आणि वर ठेवला. वाकडा. बार्तुलने तो काढला, फिरवला आणि नीट बसवला.

"तुला आयुष्यात गडगा आला नाही कुम."

"मला वाईन येते," दिंको म्हणाला आणि काटे काढत खाली गेला.

मग तो दक्षिणेचा वारा सुटला. आमच्याकडे तो वारा आला की अंग जड होतं, डोकं दुखतं, भिंतींना घाम येतो. बोट आली नाही. माझी सुट्टी. पण बार्तुल संध्याकाळी एकटाच खाली उतरला आणि परत आला तेव्हा मला वासावरूनच कळलं. लुत्सेकडचा होता. तिची वाईन जरा आंबट असते.

सकाळी वारा पडला, बोट आली. पण बार्तुल उठेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"संपलं," तो म्हणाला. "मी काही तो माणूस नाही. फादरना सांगून टाक, दुसऱ्याला द्या म्हणावं."

पेरिनाने पांघरूण ओढलं. "ते तूच सांग जाऊन. आधी पीठ आण. गावाला पाव पाहिजे."

तो आला, पण कसा? नुसता मला बांधलेल्या गाठोड्यासारखा. दोरी हातात होती की नव्हती कोण जाणे. माल चढवला, फाटा आला. मित्रांनो, त्या वेळी त्याची मान उजवीकडे वळली आणि पायही. त्याला काही फरकच पडत नव्हता. आणि मी?

मी डावीकडे वळले.

शहाणपण म्हणून नाही हो. मला शेंगा दिसत होत्या, टाकं दिसत होतं. माझ्या पायांना आता तीच वाट लागली होती. दोरी ताणली गेली. बार्तुलने ओढलं, "अगं, इकडे." मी खूर रोवले. त्याने पुन्हा ओढलं. मी कान मागे टाकले. तुम्हाला सांगते, गाढवाचा हट्ट वाईट असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं. पहिल्या दिवशी ज्या हट्टाने मी दिंकोच्या दारात उभी होते, अगदी त्याच हट्टाने त्या फाट्यावर उभी राहिले. तसूभर कमी नाही.

बार्तुल माझ्याकडे बघत राहिला. मग तिथेच, वाटेच्या कडेला, माझ्या मानेवर डोकं ठेवून रडला.

"चल बाई," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

त्या दिवशी त्याने रोजच्याहून जास्त दगड लावले. घरी आल्यावर माझे खूरही तासले आणि जखमेला तेल लावलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इस्टरच्या आधीच्या रविवारी पाद्री फ्राने टाक्यापर्यंत चढून आले. गडगा बघितला. आता तो माझ्या पाठीइतका उंच झाला होता. त्यांनी त्यावर हात टेकवून जोर दिला. हलला नाही.

"शुक्रवारी लवकर ये," एवढंच म्हणाले.

गुड फ्रायडे. आमच्याकडे त्या दिवशी सगळे कोनोबा सताड उघडे असतात, कारण त्या दिवशी जितकी लाल वाईन प्याल तितकं अंगात रक्त वाढतं असं मानतात. दारादारात पिंपं काढून ठेवलेली. पाद्रीबाबासुद्धा नाही म्हणत नाहीत. आणि क्रूसाची वाट जाते कुठून? शेळ्यांच्या वाटेने थोडीच! गावातून. दिंकोच्या दारावरून, लुत्सेच्या दारावरून.

पेरिनाने मला दिंकोच्या अंगणात अंजिराला बांधलं होतं, पाठीवर गाणाऱ्यांसाठी पाण्याची भांडी. त्यामुळे मी सगळं बघितलं. बंदराकडे जाताना बार्तुल उतारावर ठीक गेला. परत येताना चढ. पाय रक्ताळलेले, खांदा क्रूसाखाली वाकलेला, घामाने डोळे मिटलेले. मागे पन्नास माणसं गात होती.

दिंकोचं दार आलं. आणि बार्तुलचे पाय थांबले.

त्याने थांबवले नाहीत. ते थांबले. इतकी वर्षं त्या दारात थांबलेले पाय होते ते. त्याचे डोळेही उघडे नव्हते, पण आतून पिंपाचा वास आला आणि पाय म्हणाले, घर आलं. गाणं अडखळलं. मागची माणसं एकमेकांवर आदळली. क्रूस हलला. पाद्रीबाबांचा हात पुढे झाला, पण हात लावायची परवानगी नव्हती. गर्दीत पेरिना ओठ चावून उभी होती.

दिंको दारात उभा होता. हातात पेला. गुड फ्रायडेला, क्रूस उचललेल्या स्वतःच्या कुमला पेला पुढे करायचा हा तर त्याचा मानच. सगळे त्याच्याकडे बघत होते. दिंकोने बार्तुलच्या पायांकडे बघितलं. मग तो मागे सरकला, आणि त्याने दार लावून घेतलं. आतून अडसर पडल्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला.

आमच्या बेटावर कुणी कुणाच्या तोंडावर दार लावत नाही. कुम तर कधीच नाही. आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

तरी बार्तुलचे पाय हलेनात. तेव्हा मी काय केलं? मी छाती भरून घेतली, कान आभाळाला लावले आणि अशी ओरडले, अशी ओरडले की डोंगरावरून आवाज परत आला, चर्चची घंटा आपोआप वाजली आणि समोरच्या बेटावरची माणसं जेवायला बसली! आणि बार्तुलने पाऊल उचललं. एक. मग दुसरं. लुत्सेच्या दारापाशी तो थांबलासुद्धा नाही. वर चर्चमध्ये पोचून त्याने क्रूस वेदीपाशी टेकवला, आणि आपल्या मेलेल्या बापाला म्हणाला, "बाबा, झालं." पेरिना त्याच्या पायांवर पाणी ओतत होती, आणि तिला रडू येत होतं म्हणून ती त्याला शिव्या देत होती.

दिंकोने दार संध्याकाळी उघडलं. बार्तुल त्याच्या दारात बसला होता, पाय बांधलेले. दिंकोने त्याला पाणी दिलं. नुसतं पाणी. मी मधे उभी होते, मला माहीत आहे.

मग वर्षं गेली. गाडीरस्ता आला, ट्रक आला, माझी पाठ रिकामी झाली. बार्तुल आणि पेरिना दोघंही आता टेकडीवरच्या थडग्यांत विसावलेत. मी टाक्यापाशी गडग्याच्या सावलीत असते. गडगा अजून उभा आहे. उन्हाळ्यात बोटीतून माणसं येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात आणि मला बटाट्याचे चिप्स घालतात. घालू नका रे. माझं पोट दुखतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्यांची चटक लागत चाललीय. या वयात त्या पेरिनासारखं कुणी मी पुन्हा कुठे शोधू?

आणि मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी काही सोडायचं म्हणत असेल, तर त्याला नुसतं हसू नका, नुसती शपथही घ्यायला लावू नका. त्याच्या हातात द्यायला एखादा दगड शोधा, त्याच्या पायांना दुसरी वाट दाखवा, आणि तो बसला तर त्याच्यासमोर बसा. एखाद्या दिवशी तो घसरला, तर दुसऱ्या सकाळी त्याला पीठ आणायला पाठवा. आणि तुमचं दार त्याला नडत असेल, तर ते लावून घ्यायची छाती ठेवा. आणि हो, त्याच्या गाढवाचे खूर मात्र वेळेवर तासा.

आता निघते. कान अजून जागेवर आहेत, बघा, म्हणजे सगळं खरंच होतं.

बरं बाई, एक गोष्ट नव्हती. ते ओरडणं. मी ओरडले नव्हते. दिंकोच्या अंगणात कोबी लावलेला होता, आणि दार लागलं त्या क्षणी माझ्या तोंडात एक अख्खा गड्डा होता. त्या तोंडाने कोण ओरडणार? मी नुसती चावत उभी होते आणि बघत होते. कुणीच ओरडलं नाही. घंटाही वाजली नाही. सगळं गाव चिडीचूप होतं, आणि बार्तुलने ते पाऊल आपलं आपणच उचललं.